उत्कर्षच्या फोटोवरचा हार

आमच्या बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीशी देवघर आहे आणि त्याला लागूनच माझ्या धाकट्या जावेचं, ज्योत्स्नाचं, कॉम्प्युटरचं टेबल. मध्ये हातभर जागा. सकाळी दिवा लावून मी गजानन महाराजांपुढे पोथीचा अध्याय वाचायला बसते, तेव्हा तिच्या पडद्यावर कोणाचं लग्न, कोणाचा वाढदिवस, नाहीतर कोणाची तेरवी चाललेली असते. पहिल्यांदा मला याचा फार त्रास व्हायचा. आता सवय झाली. मी वाचते, ती फोटो लावते, आणि दहा वाजले की दोघी एकदमच कमरेवर हात ठेवून उठतो.

दुपारची भांडी आटोपली की मी वहीत तिथी, भाजी आणि दिवसाची एखादी गोष्ट लिहिते. चार ओळींच्या वर कधी जात नाही. मागच्या आठवड्यात मात्र चार ओळी पुरल्या नाहीत, म्हणून हे सगळं सवडीनं लिहिते आहे.

ज्योत्स्ना मानोऱ्याकडची. पोहरादेवीच्या यात्रेत तिच्या वडिलांचं फोटोचं दुकान लागायचं. मागे विमान रंगवलेला पडदा, पुढे लाकडी बाक, आणि यात्रेकरूंना बसवून "इकडे पाहा, डोळे मिटू नका" असं म्हणायचं काम हिच्याकडे. लग्न होऊन आली तीही फोटोच्याच घरात. माझा दीर हरीओम याचा इथं, वाशीमकडच्या मालेगावला, बसस्टँडजवळ स्टुडिओ होता. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. पासपोर्ट फोटोवर किती दिवस दुकान चालणार? लॉकडाऊनमध्ये शटर जे खाली आलं ते आलंच. कॉम्प्युटर घरी आला. हरीओम लग्नसराईत कॅमेरा घेऊन हिंडतो, एरवी जीप चालवतो, आणि ज्योत्स्ना घरी बसून लोकांनी आणून दिलेल्या फोटोंचा गाणं लावलेला स्लाइड शो करून देते. मालेगावात त्याला सगळे सिनेमाच म्हणतात. "वहिनी, आमच्या बाबांचा सिनेमा करून द्या."

बघायला सोपं वाटतं. मलाही वाटायचं, फोटो टाकले, गाणं लावलं, झालं. पण बाजूला बसून बसून मला कळलं की त्यातही सोवळं-ओवळं असतं. लोक व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात, ते येता येता पुसट होतात. म्हणून ती आधी सांगते, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुना कागदी फोटो असला तर काचेतून काढायचा, दारातल्या उजेडात सपाट ठेवायचा आणि फ्लॅश न लावता काढायचा. मग प्रत्येक फोटोला नंबर द्यायचा, तोही शून्य शून्य एक असा. नाहीतर मशीन दहा नंबरला दोनच्या आधी आणून बसवतं आणि नवरदेव हळद लागण्याआधीच घोड्यावर चढतो. एकट्या माणसाचा फोटो पाच सेकंद. घोळक्याचा असला तर आठ, कारण प्रत्येक जण त्यात आधी स्वतःला शोधतो. उभ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना काळी जागा ठेवायची नाही, तोच फोटो मागे मोठा आणि पुसट करून पसरायचा. तेरवीच्या सिनेमात फोटो गिरक्या घेत येता कामा नये, हळूच उमटावा आणि हळूच जावा. दवाखान्यातला फोटो कोणी कितीही आग्रह केला तरी घ्यायचा नाही. आणि शेवटचा, सगळ्यांत मोठा नेम म्हणजे, बनवलेला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पाहिल्याशिवाय पेनड्राईव्ह कोणाच्या हातात द्यायचा नाही.

हे सगळं तिनं मला कधी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांना सांगून सांगून तिचा घसा बसतो, ते माझ्या कानावर पडलेलं.

यंदाच्या वैशाखात तिला उसंत नव्हती. उन्हाची काहिली, सकाळी आठला लाईट जायची ती अकराला यायची, पुन्हा संध्याकाळी पाचला जायची. एकाच वेळी तीन कामं अंगावर. एका गुरुजींचा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम, मदनसिंगभाऊंच्या मुलीचं लग्न आणि एक तेरवी. खुर्चीवर गोधडीची घडी घालून बसायची, उजव्या खांद्याला बाम चोळायची, पुन्हा बसायची.

तेरवी होती शेलूबाजारच्या पुढच्या एका गावातल्या पुंजाजींची. त्यांचा मोठा मुलगा सतीश मंगळवारी फोटोंची पिशवी घेऊन आला. त्याच दिवशी दहावा झालेला, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. सुतकातलं माणूस म्हणून मी उठून देवघराचा पडदा ओढला. त्यानं ते पाहिलं आणि तो दारातच थांबला.

"या ना भाऊ, आत या," ज्योत्स्ना म्हणाली. "ताईचं आपलं देवाधर्माचं असते. फोटोले सुतक नसते."

मला लाज वाटली. मी पाणी आणून दिलं.

सतीशनं फोटो मांडले. पुंजाजींचे तेवीस. बैलजोडीसोबत, लग्नात फेटा बांधलेले, नातीला खांद्यावर घेतलेले. आणि एक फोटो पंचविशीतल्या मुलाचा. पाठीवर निळी पिशवी, मागे एसटी, चेहऱ्यावर लवकर काढ एकदाचा असा भाव.

"हा माहा लहान भाऊ. उत्कर्ष," सतीश म्हणाला. "पुण्याले कंपनीत लागला होता. नऊ वर्षं झाले, पत्ता नाई. फोन बंद. पोलिसात देलं, पेपरात देलं, सगळं करून झालं. हा फोटो मीच काढला होता, ज्या दिवशी गेला त्या दिवशी."

ज्योत्स्नानं फोटो दारातल्या उजेडात सपाट ठेवला.

"वहिनी, एक काम करा. बाबाच्या फोटोले तुमी हार अन् दिवा लावता न, तसा याच्याही फोटोले लावून टाका."

ज्योत्स्नानं मान वर केली. "मावशीले ईचारलं काय?"

"तिले ईचारलं तं ती नाईच म्हणन. रोज एसटीच्या टायमाले वट्ट्यावर जाऊन बसते वहिनी. नऊ वर्षं. पाऊस असो का ऊन. बाबा होते तवर ते तिले हात धरून घरात आणत. आता कोण आणन? मी वावरात असतो. सगळ्या गावापुढे एकदा हार लागला का मंग तिले मानूनच घ्या लागन."

तो वाईट मनानं बोलत नव्हता. थकलेलं माणूस जसं बोलतं तसं बोलत होता. पण आमच्याकडे हार म्हणजे हार. फोटोला एकदा हार चढला की माणूस गेलं. सरकारी कागद काहीही म्हणो, घरातल्या भिंतीवरचा हार हाच खरा कागद.

"भाऊ, तुमच्याच फोनवरून लावा," ज्योत्स्ना म्हणाली. "मावशी हो म्हणत असन तं लावतो. माह्या मनानं मी कोणाले मारत नसतो."

सतीशनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. भागिरथाबाईंचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रडका नव्हता. कोरडा होता.

"हार? कोनाले हार?"

"माय, मी म्हणत होतो का..."

"तुह्या बापाले लाव. खुशाल लाव. उत्कर्षले लावशीन तं मले माय म्हणू नको. तुले तं एकच भाऊ हाये रे, त्यालेही आटपवून राह्यला काय?"

सतीशनं डोळे मिटले. "नाई लावत, माय."

"शप्पत घे."

"तुही शप्पत."

"त्याचा फोटो घाला," पलीकडून आवाज आला, आता ज्योत्स्नासाठी. "बाई, कोन असशीन ते. फोटो घाल. पन जित्या माणसासारखा घाल."

"हो मावशी," ज्योत्स्ना म्हणाली.

सतीश उठला. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "शप्पत घेतली मी. ध्यान ठेवजा."

बुधवार सगळा गुरुजींच्या कामात गेला. गुरुवारी एकादशी होती. माझा दुहेरी उपास. मी साबुदाणा भिजवत होते आणि बैठकीत मदनसिंगभाऊ सकाळपासून ठाण मांडून बसलेले.

"वहिनी, पोरगी जराशी गोरी करा न."

"किती गोरी करू? लय गोरी केली तं नवरदेव मंडपात वळखन काय?"

"अन् माह्या टकलावर थोडे केस येत असन तं..."

"केसाचं आपल्याकडे नाई भाऊ. त्याले नागपूरले जा लागते."

सगळे हसले. ज्योत्स्नाही हसली, पण माऊसवरचा हात थांबला नव्हता. मदनसिंगभाऊ चहा घेऊन गेले, दोन वाजता पुन्हा आले, सोबत आणखी अकरा फोटो घेऊन. "एवढेच घाला, मंग नाई म्हणत." हे वाक्य आमच्या घरात रोज कोणीतरी म्हणतं.

तेरवीचं काम ती चार वाजता करायला लागली. पाचला लाईट जाणार. सतीश साडेचारलाच दारात. तिनं फोटो वर्षांप्रमाणे ओळीनं लावले. पुंजाजींच्या शेवटच्या काही फोटोंना हार आणि दिव्याची चौकट घालायची होती. एकेकाला घालायची म्हटलं तर वेळ लागतो. म्हणून तिनं पहिल्या फोटोवर टिचकी मारली, शिफ्टचं बटण दाबून शेवटच्या फोटोवर टिचकी मारली आणि चौकट टाकली. असं केलं की मधले सगळे फोटो एकदम धरले जातात. ती नेहमीच तसं करते.

पण त्या मधल्या सगळ्यांत, वर्षाच्या हिशेबानं, उत्कर्षचा फोटोही होता.

सिनेमा तयार व्हायला अकरा मिनिटं लागली. पाचला दोन मिनिटं कमी असताना पेनड्राईव्ह निघाला. पुन्हा पाहायला वेळ नव्हता. सतीशनं खिशात घातला, गाडीला किक मारली, आणि लाईट गेली. ज्योत्स्नानं अंधारलेल्या पडद्यावर डोकं टेकवलं. "ताई," म्हणाली, "आज पहिल्यांदा न पाहता देला."

"एकदा नाही पाहिला तर काय होतं," मी म्हणाले. हे मी म्हणाले, म्हणून लिहिते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी अध्याय वाचत होते. नैवेद्य दाखवून द्वादशीचं पारणं करायचं होतं. ज्योत्स्नानं चहाचा कप घेऊन तेरवीचा सिनेमा लावला, मनाची खात्री म्हणून. भजन सुरू झालं. माझी नजर पोथीवरून उठली ती नेमकी त्या वेळी. पडद्यावर झेंडूचा हार, खाली पेटलेली समई, आणि मधे निळ्या पिशवीचा मुलगा.

"ज्योत्स्ना, हा तर तो न?"

ज्योत्स्नानं कप टेबलावर ठेवला. तिनं मागे नेलं, पुन्हा पाहिलं. मग सतीशला फोन लावला. वाजत राहिला. तेरवीच्या घरी सकाळी फोन कोण उचलतं? तीनदा, चारदा. हरीओम लग्नाच्या कामासाठी कालच वाशीमला गेलेला, जीप त्याच्याकडे.

तिनं चौकट काढली. एका बोटानं निघाली. नंतर ते अकरा मिनिटांचं थांबणं. पडद्यावर आकडा सरकत होता, बारा टक्के, तेरा टक्के, आणि आठला लाईट जाणार. ज्योत्स्ना पदर तोंडाशी धरून आकड्याकडे बघत उभी. मी अध्याय अर्ध्यावर ठेवला, पोथीत मोरपीस घातलं आणि महाराजांना म्हणाले, तुम्हीच समजून घ्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अध्याय अर्धा टाकून मी कधी उठले नव्हते.

"तुमी कायले येता ताई, पारणं व्हायचं हाये तुमचं."

"चल तू."

आठच्या आत नवा पेनड्राईव्ह निघाला, तो घेऊन स्टँडवरून काळीपिवळी जीप धरली. ड्रायव्हर माणसं भरल्याशिवाय निघेना. शेलूबाजारला उतरून ऑटो केला. गावात पोचेपर्यंत दहा वाजून गेले. मंडपात दोन खुर्च्यांवर टीव्ही ठेवलेला, पडदा काळा. पाहुणे बसलेले, पण बोलणं नाही. सतीश मंडपाच्या खांबाला धरून उभा होता. आम्हाला पाहिलं आणि त्यानं तोंड फिरवलं. सगळं होऊन गेलं होतं.

आतल्या खोलीत भागिरथाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. वाळक्या, उंच बाई. बाजूला त्यांची सून, सतीशची बायको रूपा, पाण्याचा तांब्या धरून.

"सकाळपासून पाणी घेतलं नाई," रूपा आम्हाला हळूच म्हणाली. "त्यायच्याशी बोलतही नाई. शप्पत मोडली म्हणते."

ज्योत्स्ना त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. यात्रेतल्या लोकांना जसं सांगायची, तसं सरळ सांगितलं.

"मावशी, मी मालेगावची. सिनेमावाली. तो हार मी लावला. सतीशभाऊनं सांगतलं नव्हतं. त्यानं तं जातानाही ध्यान ठेवजा म्हटलं होतं. मी थकून गेली होती, घाई होती, मधचे सगळे फोटो एकदम धरले अन् त्यात हाही धरल्या गेला. पाहून देतो मी नेहमी. काल नाई पाह्यलं."

भागिरथाबाई भिंतीपासून पुढे सरकल्या.

"मशीन चुकली?"

"मशीन नाई चुकत मावशी. मीच चुकली."

"अन् सतीश?"

"त्यायनं शप्पत पाळली."

बाहेर कोणीतरी खोकलं. दारात सतीश येऊन उभा होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान फार मोठे दिसत होते. एवढा मोठा माणूस, पण लहान पोरासारखा दिसला.

"काढता येते काय तो?" भागिरथाबाईंनी विचारलं.

"काढला मावशी. घेऊन आली."

त्या उठल्या. कोणाचा हात घेतला नाही. मंडपात येऊन टीव्हीच्या अगदी समोर बसल्या. गावात लाईट नव्हती, जनरेटर सुरू केला. पाहुण्यांनी मान वळवली. पुन्हा ते भजन, पुन्हा पुंजाजींचे बैल, फेटा, नात. मग निळ्या पिशवीचा मुलगा, मागे एसटी. हार नाही, दिवा नाही.

"थांबव."

ज्योत्स्नानं बटण दाबलं. फोटो थांबला. पाच सेकंदांचा फोटो पाच मिनिटं राहिला असेल. जनरेटर घुरघुरत होता. पंगतीची पत्रावळ वाऱ्यानं उलटत होती, ती कोणी सरळ करत नव्हतं.

"पिशवीचा पट्टा तुटला होता," भागिरथाबाई म्हणाल्या. "म्या शिवून देला. पांढऱ्या दोऱ्यानं. निळा दोरा नोता घरात."

खरंच, पट्ट्यावर पांढरे टाके दिसत होते. मी इतक्यांदा तो फोटो पाहिला होता, पण ते मला कधी दिसले नव्हते. ज्योत्स्नालाही नाही.

मग त्या मागे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "हार लावाचा तं म्या लावीन. ज्या दिवशी मले पटन त्या दिवशी. माह्या हातानं लावीन. तवर कोनी लावाचा नाई. ना सतीशनं, ना हिच्या मशीननं." हातानं शेजारची जागा दाखवली. "सतीश, ये. जेव. तूही काई खाल्लं नसन."

सतीश आला आणि त्यांच्या शेजारी बसला. त्या त्याच्याशी जास्त काही बोलल्या नाहीत. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केस उतरवलेल्या डोक्यावरून, उलटा, सुलटा.

आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ देईनात. मी एकादशी सोडलेली नव्हती, आणि तेरवीच्या घरी पारणं करावं की नाही याचा विचार करत उभी राहिले. भागिरथाबाईंनी स्वतः माझ्या पत्रावळीवर वरण वाढलं. मग विचार केला नाही.

निघताना सतीश ऑटोपर्यंत आला.

"वहिनी, एक सांगू काय? पडद्यावर तो हार दिसला न, माय उठून गेली, लोक पाहून राह्यले, मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच्या आधी, एक घडीभर, मले बरं वाटलं. वाटलं, चला, लागला. सुटलो." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आता उद्यापासून एसटीच्या टायमाले मी येत जाईन वावरातून. हात धराले."

ज्योत्स्ना फक्त "हो" म्हणाली.

काळीपिवळीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं ठेवून, ऊन अंगावर घेत. घरी आलो तर मदनसिंगभाऊ ओट्यावर बसलेले.

"वहिनी, कुठी गेल्या होत्या? पोरीचा सिनेमा झाला न? द्या लवकर, डीजेवाला वाट पाहून राह्यला."

"बसा भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. "अर्धा घंटा लागन. पाहून देतो."

"अवो मले भरवसा हाये तुमच्यावर!"

"मले नाई."

तिनं सिनेमा पहिल्यापासून लावला. मी हातपाय धुऊन पोथीतलं मोरपीस काढलं आणि जिथं सोडलं होतं तिथून वाचायला लागले. बाजूला हळदीचं गाणं वाजत होतं. मध्येच तिनं आपलं आपणच काहीतरी थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं.

वहीतली त्या दिवसाची ओळ अशी आहे: वैशाख, द्वादशी, शुक्रवार. भाजी केली नाही. पारणं पुंजाजींच्या तेरवीत. अध्याय दुपारी पूर्ण केला. उत्कर्षचा हार काढला.